टाकीत मासे, वर पालक: ॲक्वापोनिक्समध्ये नेमकं चालतं काय?

हल्ली मोबाईलवर एक व्हिडिओ सारखा फिरत असतो. खाली माशांची टाकी, वर पाण्यावर तरंगणारा हिरवागार पाला, आणि सोबत तीन वाक्यं ठरलेली, माती नको, खत नको, रोज पाणी घालायला नको. बघणारे निम्मे लोक लगेच टाकी आणायला निघतात आणि उरलेले म्हणतात की काहीतरी गोलमाल आहे. मला दोघांशीही बोलायचंय, कारण ही पद्धत खरी आहे, चालते, पण ती का चालते हे न समजता सुरू केली की पहिल्याच महिन्यात मासे मरतात, माणूस हात वर करतो आणि टाकी कोपऱ्यात पडून राहते. वाईट याचं वाटतं की त्यातले बरेच मासे वाचवता आले असते. सगळा खेळ एका साध्या जमाखर्चाचा आहे, तो आपण सावकाश मांडू.

नाव नवीन, कल्पना जुनी

टाकीत मासे पाळायचे याला म्हणतात ॲक्वाकल्चर. मातीशिवाय, पाण्यात विरघळवलेल्या खतावर झाडं वाढवायची याला म्हणतात हायड्रोपोनिक्स. दोन्ही जोडलं की ॲक्वापोनिक्स. जोडायचं कशाला? मासे पाळणाऱ्याची डोकेदुखी म्हणजे पाणी सारखं घाण होतं, ते काढून टाकावं लागतं, आणि हायड्रोपोनिक्सवाल्याची डोकेदुखी म्हणजे खत विकत आणून मापून पाण्यात घालावं लागतं. एकाला जे फेकायचंय तेच दुसऱ्याला हवंय, मग मधे पाइप टाकला की झालं, अशी ही मूळ कल्पना.

माणसाला हे आज सुचलेलं नाही. चीनच्या झेजियांग प्रांतात चिंगतियान भागात भाताच्या खाचरात मासे सोडायची पद्धत शेकडो वर्षांची आहे, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने तिला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात घेतलं. पण आज जी टाकी, पंप आणि तरंगत्या शीटवाली सिस्टम दिसते तिचा पक्का हिशोब बसवण्यात मोठा वाटा जेम्स रॅकोसी यांचा आहे, त्यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात सेंट क्रॉय बेटावर १९८० च्या दशकापासून तिलापिया मासे आणि लेट्यूस घेऊन वर्षानुवर्षं हेच काम केलं.

१०० ग्रॅम खाद्य टाकलं, पुढे काय झालं?

समजा सकाळ-संध्याकाळ मिळून तुम्ही टाकीत १०० ग्रॅम खाद्य टाकता. त्यात साधारण ३२ टक्के प्रोटीन असतं, म्हणजे ३२ ग्रॅम. प्रोटीनमधला सोळा टक्के भाग नायट्रोजन असतो, म्हणजे तुम्ही रोज जवळजवळ ५ ग्रॅम नायट्रोजन टाकीत घातला. यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, म्हणजे ढोबळ दीड ग्रॅम. उरलेला साडेतीन ग्रॅम? तो पाण्यातच आहे. आणि इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो, लोकांना वाटतं माशांची विष्ठा हेच खत. विष्ठेतून थोडा नायट्रोजन येतो खरा पण मोठा भाग मासा कल्ल्यांमधून बाहेर टाकतो, न दिसणाऱ्या अमोनियाच्या रूपात. म्हणून पाणी दिसायला एकदम स्वच्छ काचेसारखं असतं आणि तरी मासे मरत असतात.

अमोनिया माशांना विषारी असतो. पण पूर्ण नाही, पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक घातक, आणि कुठलं किती हे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर ठरतं. ते मोजायचं माप म्हणजे पीएच, ७ म्हणजे मधोमध, त्याखाली आम्ल, वर अल्कधर्मी. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, पीएच ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला तर एक तृतीयांशावर. म्हणजे टेस्ट किटवर अमोनियाचा आकडा तोच दिसत असला तरी एका टाकीतले मासे मजेत असतात आणि दुसऱ्या टाकीतले तडफडतात. हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ नुकसान टळेल.

तिसरा भिडू, जो व्हिडिओत कधीच दिसत नाही

आता अमोनियापासून पाल्यापर्यंतचा प्रवास. झाडं थोडा अमोनिया घेतातही, पण त्यांना जास्त आवडतं ते नायट्रेट. अमोनियाचं नायट्रेट करणारे कामगार म्हणजे बॅक्टेरिया. काही बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. (नावं अगदी जुळी, काम वेगळं, नायट्राइट माशांना धोक्याचं आणि नायट्रेट बरंच सौम्य, त्यामुळे किटवर वाचताना घाई करू नका.) हे काम दोन टप्प्यांत वेगवेगळे जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं, आणि पुढे सव्वाशे वर्षं सगळे हेच शिकत आले, मग २०१५ मध्ये कळलं की नायट्रोस्पायरा गटातले काही बॅक्टेरिया दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. मला ही गोष्ट फार आवडते, पायाखालच्या इतक्या साध्या गोष्टीतही अजून शोधायचं बाकी आहे.

हे बॅक्टेरिया पाण्यात पोहत बसत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात, खडीवर, टाकीच्या भिंतीवर, पाइपच्या आत, मुळांवर. म्हणूनच सिस्टममध्ये खडी किंवा प्लॅस्टिकचे खाचाखाचांचे तुकडे भरलेला एक भाग ठेवतात, त्याला म्हणतात बायोफिल्टर. नावात फिल्टर आहे पण तो गाळण्यासाठी नाही, ती बॅक्टेरियांची वसाहत आहे. मी तर म्हणेन की तुम्ही मासे पाळत नाही आणि पालाही वाढवत नाही, तुम्ही बॅक्टेरिया सांभाळता, बाकीचं आपोआप होतं.

आधी कळस मग पाया करू नका

नवीन टाकीत हे बॅक्टेरिया जवळजवळ नसतातच. टाकी आणली, पाणी भरलं, त्याच दिवशी पन्नास मासे सोडले की काय होणार, अमोनिया साठत जातो आणि तो खाणारं कोणी नाही. दूध विरजायला एक रात्र पुरते, हे बॅक्टेरिया मात्र फार सावकाश वाढतात, कोमट पाण्यातही तीन ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात आणखी जास्त.

पद्धत अशी की मासे न सोडता पाण्यात रोज थोडासा शुद्ध अमोनिया घालायचा (सुवास किंवा साबण मिसळलेला अजिबात नको), पंप आणि हवा चालू ठेवायची आणि दोन दिवसांनी किटने मोजत राहायचं. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग नायट्राइट उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा व्हायला लागला आणि नायट्राइटही शून्याजवळ आलं की मासे सोडायची वेळ झाली, तेही थोडे थोडे. एखाद्या जुन्या, निरोगी सिस्टममधली मूठभर खडी मिळाली तर विरजण लावल्यासारखं काम लवकर होतं.

मधला नायट्राइटचा काळ सगळ्यात फसवा. अमोनिया उतरलेला बघून माणूस खूश होतो आणि मासे सोडतो, पण नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून त्याची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच काढून घेतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो.

अजून एक, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जंतू मारायलाच घातलेलं असतं, ते आपले-परके बघत नाही. उघड्या भांड्यात हवा सोडत एक-दोन दिवस पाणी ठेवलं की क्लोरीन उडून जातं. काही ठिकाणी मात्र क्लोरामीन वापरतात, ते असं सहज उडत नाही, त्यासाठी वेगळं औषध घालावं लागतं.

पीएच म्हणजे तीन तिघाडा

झाडांना पीएच साडेपाच ते साडेसहा आवडतो, बॅक्टेरियांना सात ते आठ, मासे बहुतेक सातच्या आसपास खूश. तिघांचं एकदम भागवायचं तर ६.८ ते ७ असं ठेवतात, कोणालाच पूर्ण मनासारखं नाही पण सगळे जगतात.

तो तिथे आपोआप टिकत मात्र नाही. बॅक्टेरिया अमोनिया बदलताना आम्ल तयार करतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे पाण्यातली सात ग्रॅमच्या वर क्षारता खर्ची पडते. क्षारता म्हणजे आम्ल पचवून घ्यायची पाण्याची गंगाजळी समजा. गंगाजळी आहे तोवर पीएच हलत नाही, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि ती संपली की पीएच एकदम कोसळतो. पीएच ६ च्या खाली गेला की बॅक्टेरिया काम जवळजवळ थांबवतात, अमोनिया परत साठतो. म्हणून रॅकोसींच्या सिस्टममध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून थोडं थोडं घालायचे, त्याने पीएचही सावरतो आणि झाडांना कॅल्शियम, पोटॅशियमही मिळतं. ही दोन्ही रसायनं हात भाजतील अशी तीव्र आहेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, वेगळ्या बादलीत विरघळवा आणि सावकाश सोडा.

किती माशांवर किती पाला?

इथे सगळे माशांची संख्या विचारतात आणि माझ्या मते प्रश्नच चुकतो. बोटाएवढे पन्नास मासे आणि अर्ध्या किलोचे पन्नास मासे यांत काय साम्य? हिशोब लावायचा तो रोजच्या खाद्याचा. अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पालेभाजीच्या एक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य असं सांगितलंय. रॅकोसींचा आकडा ६० ते १०० ग्रॅम आहे, कारण त्यांच्या पद्धतीत गाळ बराच बाहेर काढला जातो आणि त्याबरोबर पोषणही जातं.

मग आपले १०० ग्रॅम घ्या. त्यावर दोन चौरस मीटर पाला पोसला जाईल. वाढते मासे दिवसाला वजनाच्या एक ते दोन टक्के खातात, म्हणजे टाकीत पाच ते दहा किलो मासे हवेत, आणि घरगुती सिस्टममध्ये हजार लिटरला दहा-वीस किलोच्या वर जाऊ नये म्हणतात, म्हणजे टाकी पाचशे लिटरची. दोन चौरस मीटरमध्ये लेट्यूसचे चाळीस-पन्नास गड्डे बसतात, रोप लावल्यापासून चार-पाच आठवड्यांत तयार. आणि महिन्याभरात ३ किलो खाद्यावर माशांचं वजन साधारण दोन किलोने वाढतं. घरासाठी सुरुवातीला हे माप योग्य वाटतं, याहून खूप छोटी टाकी उलट जास्त त्रास देते कारण कमी पाण्यात सगळं झपाट्याने बिघडतं.

पालेभाजीच का? टोमॅटो का नको?

टोमॅटो येतात, पण नंतर. पानांना मुख्यतः नायट्रोजन लागतो आणि तोच इथे भरपूर असतो, शिवाय पीक महिन्याभरात निघतं त्यामुळे चूक झाली तरी महिनाच वाया. फूल-फळ धरायला पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त लागतात, मोठी मुळं, आधार, महिनोन्महिने धीर. नव्या सिस्टममध्ये पालक, लेट्यूस, बेसिल, पुदिना लावा.

"खत नको" हे कितपत खरं?

अर्धं. खाद्य हेच खत आहे आणि ते विकतच आणावं लागतं. वर, माशाचं खाद्य माशाच्या गरजेने बनवलेलं असतं, झाडाच्या नव्हे, त्यामुळे तीन गोष्टी कायम कमी पडतात, लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर बहुधा लोह कमी आहे. खिळे टाकून उपयोग नाही, या पीएचला गंजलेलं लोखंड झाडाला घेता येत नाही, चिलेटेड आयर्न म्हणून मिळतं ते घालावं लागतं, लिटरला दोन मिलिग्रॅम, दर तीनेक आठवड्यांनी.

माशांच्या घाणीतला पाला खायचा?

हा प्रश्न लोक नाक मुरडत विचारतात, पण प्रश्न रास्त आहे. ई. कोलायसारखे पोट बिघडवणारे बॅक्टेरिया मूळचे उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यातले, मासे थंड रक्ताचे, त्यामुळे शेणखताइतका धोका इथे नसतो. पण धोकाच नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पक्षी, उंदीर, आणि आपले न धुतलेले हात, तिघेही तो जंतू टाकीत आणू शकतात, आणि एकदा आला की तेच पाणी सगळीकडे फिरतं. म्हणून टाकीवर जाळी, हात साबणाने धुऊन पूर्ण खळखळून काढायचे, टाकीचं पाणी फक्त मुळांना लागलं पाहिजे, पानांवर कधीही शिंपडायचं नाही, आणि कच्चा खायचा पाला स्वच्छ पाण्याने धुवायचा.

लाइट गेली तर?

ही भीती खरी आहे आणि माझ्या मते या पद्धतीतली सगळ्यात मोठी उणीव हीच. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असतो, तीस अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात. त्यातला पाचच्या खाली जाऊ द्यायचा नाही असा नियम, म्हणजे हाताशी किती थोडं उरतं बघा. आणि त्यावर मासे, मुळं, बॅक्टेरिया तिघेही जगतात, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला बॅक्टेरियांनाच साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवा बंद पडली आणि मासे दाट असले की तासाभरातच ते वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून हवा, नंतर घेऊ असं करू नका. आणि लाइट नसताना खाद्य अजिबात टाकू नका, खाल्लेलं पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो.

कीड पडली तर काय मारायचं?

जवळजवळ काहीच नाही. पायरेथ्रिन हे कीटकनाशक फुलांपासून बनतं म्हणून लोक निर्धास्त असतात पण माशांसाठी ते जहाल विष आहे, साबणाचं पाणी कल्ले जाळतं, तांब्याची बुरशीनाशकं माशांवर उठतात. उलट बाजूनेही तेच, माशांना अँटिबायोटिक दिलं तर बॅक्टेरियांची वसाहत मरते आणि मीठ घातलं तर ते सिस्टममधून जातच नाही, साठत जाऊन झाडांना बाधतं. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच औषध द्यायचं. किडीसाठी बारीक जाळी, हाताने वेचणं, ढालकिडे, अळ्यांवर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूपासून बनवलेलं औषध), एवढ्यावरच भागवावं लागतं. कोणाला हे बंधन वाटेल, मला तर ही या पाल्याची सगळ्यात मोठी खात्री वाटते, ज्या पाण्यात मासे जिवंत आहेत त्यावर कोणी जहाल फवारणी केलेली नाही.

पाणी खरंच वाचतं?

हो, हे मात्र व्हिडिओवाले बरोबर सांगतात. पाणी फिरत राहतं, रोज घटतं ते एक ते तीन टक्के, हजार लिटरमागे दहा ते तीस लिटर, तेही पानांतून उडालेलं, वाफ झालेलं आणि गाळ काढताना गेलेलं. मातीत जे खोल झिरपून जातं ते इथे जातच नाही.

आम्ही मासे खात नाही, मग?

गोल्डफिश किंवा कोई ठेवा, तेही अमोनिया तेवढ्याच इमानाने देतात. फक्त मासे वाढत राहतात, वीस वर्षं जगूही शकतात, मोठे झाल्यावर जास्त जागा लागेल हे आधीच ठरवून ठेवा.

मग धंदा करावा का?

२०१५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं होतं, त्यात व्यावसायिक पातळीवर ॲक्वापोनिक्स करणाऱ्या २५७ जणांनी उत्तरं दिली, आणि आधीच्या वर्षात नफ्यात होते ते एक तृतीयांशाहून कमी. मी हे कोणाला नाउमेद करायला सांगत नाहीये. पण वीज, खाद्य, मजुरी रोज लागते, मासे आणि पीक दोन्हीचं ज्ञान लागतं, आणि उत्पन्नाचा मोठा भाग सहसा पाल्यातून येतो, माशांतून नाही. कर्ज काढून मोठी सिस्टम उभारण्याआधी पाचशे लिटरची टाकी सगळे ऋतू पाहू द्या, उन्हाळा, पावसाळा, थंडी, एकदा पीएच कोसळणं, एकदा लाइट जाणं, आणि रोज किती ग्रॅम खाद्य टाकलं आणि किती पाला काढला हे वहीत लिहून ठेवा, ती वही कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवेल.

एकदम कापू नका

शेवटची एक गोष्ट, जी वाचनात सहज निसटते. पाला तयार झाला की सगळा एका दिवशी कापायचा मोह होतो. पण मासे दुसऱ्या दिवशीही तेवढंच खातात, तेवढाच अमोनिया येतो, आणि तो ओढून घ्यायला वर मुळंच उरत नाहीत, नायट्रेट साठत जातं. म्हणून जागेचे चार भाग करा, दर आठवड्याला एक भाग कापा आणि त्याच दिवशी तिथे नवीन रोपं लावा, म्हणजे टाकीवर कायम थोडी लहान, थोडी मधली, थोडी भरलेली झाडं असतील आणि खाद्याचं माप सहसा बदलावं लागणार नाही.